हिराकी सावा यांच्या खोल्यांतली विमाने खरी वाटतात, मग आमच्या घरातले धोटे खोटे का वाटतात?

वडगावची_नात

नमस्कार. हिराकी सावा या दृश्यकलावंताच्या चलत्चित्रांविषयी एक प्रश्न विचारायचा आहे. तो थोडा सविस्तर मांडावा लागेल, कारण त्याची एक बाजू त्यांच्या कामाशी आणि दुसरी बाजू बेळगावच्या वडगाव भागातल्या आमच्या जुन्या घराशी जोडलेली आहे.

सावा यांचा जन्म १९७७ साली जपानमधील इशिकावा प्रांतात झाला. लंडनला जाऊन ते शिल्पकला शिकले आणि तिथेच हलत्या चित्रांकडे वळले. त्यांची 'ड्वेलिंग' (२००२) ही सुमारे नऊ मिनिटांची कृष्णधवल कलाकृती मी या उन्हाळ्यात प्रथम पाहिली आणि त्यानंतर ती किती वेळा पाहिली याची मोजदाद राहिलेली नाही. तिच्यात त्यांची स्वतःची लहानशी सदनिका आहे. बिछाना आहे, स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे. या खोल्यांमधून हातभर लांबीचीही नसतील अशी प्रवासी विमाने उड्डाण करतात, छताखालून संथपणे जातात, एकमेकांच्या वाटा ओलांडतात आणि पुन्हा उतरतात. एवढेच घडते. तरीही ते पाहताना, हे कसे केले असेल असा प्रश्न पडण्याच्या आधीच, या विमानांतून कोण चालले असेल आणि ते कुठे पोहोचणार असेल असे विचार मनात सुरू होतात. त्यांच्या 'ट्रेल' (२००५) या कामात उंटांच्या आणि हत्तींच्या सावल्या घरातल्या कडाकपारींवरून चालत जातात. तिथेही माझे असेच झाले.

आता आमच्या घराविषयी. सोप्यात आजोबांचे दोन यंत्रमाग होते (घरात आम्ही कानडीप्रमाणे मग्गच म्हणतो) आणि माजघरात आजी कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरत असे. माग विकून सहा वर्षे झाली. दिवाळीनंतर घर पाडून त्या जागी नवे बांधकाम होणार आहे. मागांपैकी आता सात धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी साधने, तेवढे शिल्लक आहेत. धोट्याचा आकार होडीचा असतो, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये कांडी बसण्यापुरता पोकळ, टोकांवर पोलाद. हे धोटे होड्यांप्रमाणे घरभर तरंगत जात आहेत असे एक दृश्य कित्येक दिवस माझ्या डोक्यात होते. म्हणून मी फोनवर घरातल्या अकरा जागा टिपल्या, धोट्यांची छायाचित्रे काढून ती कडेने कापली आणि संगणकावर त्या दृश्यांमध्ये सोडली. फडताळाच्या फळीवरून, देवळीतल्या पणतीसमोरून, चुलीच्या वैलावरून धोटे जातात खरे, पण पाहणाऱ्याला ते चिकटवल्यासारखे वाटतात. शाळेतल्या वहीत मुले चित्रे डकवतात, तसे.

सावा यांच्याकडे असे काय आहे, जे माझ्याकडे निसटले? हा केवळ तंत्राचा भाग आहे, की खऱ्या आणि कल्पित जागेचे एकमेकींशी नाते जुळवण्याची काही वेगळी समज त्यामागे आहे? आपल्याकडे या वाटेने कोणी काम केले असेल तर तेही वाचायला आवडेल.

खानापूर_चित्रशिक्षक

ताई, उत्तर विमानांत शोधू नका, बिछान्यात शोधा.

मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षे चित्रकला शिकवतो आहे आणि 'ड्वेलिंग' दरवर्षी नववीच्या वर्गाला दाखवतो. मुले पहिल्यांदा विमानांकडे पाहतात. दुसऱ्यांदा दाखवताना मी त्यांना सांगतो की आता विमाने नाहीत असे समजा आणि फक्त खोली पाहा. तेव्हा त्यांच्या लक्षात येते की कॅमेरा जागचा हललेला नाही आणि खोलीने स्वतःमध्ये कोणताही बदल करून घेतलेला नाही. तिला विमाने आल्याचा पत्ताच नाही. आणि विमाने मात्र खोलीचे सगळे नियम पाळतात. मध्ये काही आले की त्याच्या आड जातात, अंतरावर जाताना लहान होतात, उतरायला सपाट जागा शोधतात. सावा यांनी या संपूर्ण कामात एकच गोष्ट खोटी सांगितली आहे आणि ती म्हणजे विमानाचे आकारमान. बाकी सगळे खरे ठेवले आहे, म्हणून ती एक खोटी गोष्ट आपण विश्वासाने स्वीकारतो. पुढे आपले मन दोन्ही बाजूंनी चालू लागते. एका क्षणी विमान लहान वाटते, तर दुसऱ्या क्षणी तो बिछानाच एखाद्या पठाराएवढा वाटू लागतो. हे हेलकावे स्वप्नातले आहेत.

आता तुमच्या दृश्यात किती खोट्या गोष्टी एकदम आल्या ते पाहा. धोटा हवेत आहे. तो होडी झाला आहे. पाणी नसताना तो तरंगतो आहे. आणि मला शंका आहे की धोट्यांची छायाचित्रे तुम्ही फोनच्या फ्लॅशमध्ये किंवा ट्यूबलाइटखाली काढली असतील, म्हणजे त्यांच्यावर घराचा उजेडच नाही. प्रेक्षकाने यातले नेमके काय मान्य करायचे?

वडगावातल्या कौलारू घराचा उजेड ही फार निराळी वस्तू आहे. माजघराला खिडकी नसते, असली तर हातभर. छपरात एक काचेचे कौल बसवलेले असते आणि दिवसभरात त्या एका कौलातून उतरलेला कवडसा पश्चिमेकडच्या भिंतीवरून खाली येतो, जमिनीवरून सरकतो आणि पूर्वेकडच्या भिंतीवर चढून विझतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे उंच आढ्याच्या घरात अर्ध्या तासात हा कवडसा चांगला हातभर पुढे गेलेला असतो. त्याच्या कडेला उजेड एकदम संपत नाही; आधी पिवळट, मग राखाडी, मग काळोख अशी चार बोटांची पट्टी असते, आणि आत धुळीचे कण वर-खाली होत असतात. वडगावात तर त्या धुळीत सुताचे तंतूही असतात. माझी विनंती अशी आहे की दोन दिवस कॅमेरा बाजूला ठेवा, माजघरात बसून दर अर्ध्या तासाने कवडशाची जागा पेन्सिलने कागदावर टिपा आणि मग धोटा हातात घेऊन त्या उजेडातून फिरवून पाहा. त्याची सावली कुठे घट्ट पडते आणि कुठे विरते हे एकदा डोळ्यांत बसले की संगणकावर तुमच्याकडून चूक होणार नाही.

हे सांगताना मला आमच्या बेळगावच्या चित्रपरंपरेची आठवण होते. के. बी. कुलकर्णी यांनी या शहरात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकले. ती परंपरा समोरची वस्तू आणि तिच्यावरचा उजेड निष्ठेने पाहण्याची आहे. वास्तवदर्शी चित्रण जुने झाले आणि आता कल्पनेचे दिवस आले, असे हल्ली विद्यार्थी बोलतात तेव्हा मला वाईट वाटते, कारण कल्पनेला उभे राहायला जी जमीन लागते ती याच अभ्यासातून मिळते.

आणखी एक. सावा यांच्या 'एल्सव्हेअर' (२००३) या कामात घरातल्याच वस्तूंना पाय फुटतात आणि त्या घरभर चालू लागतात. विमान बाहेरून आले होते, पण या वस्तू त्या घराच्याच आहेत. तुमचा धोटाही त्या घराचा आहे. त्याला होडी करण्याची गरज आहे का, याचा एकदा विचार करावा.

कणकुंबीकर

आमच्याकडून घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जाता येईल. तिथे ठाकर समाजाकडे चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगणे), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. कर्नाटकातही तोगलु गोंबेयाटा आहेच. तोगलु म्हणजे चामडे, गोंबे म्हणजे बाहुली.

छायाबाहुलीचा खेळ मागच्या बाजूने पाहण्याची संधी मला एकदा मिळाली होती आणि त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाला उपयोगी पडेल असे वाटते. पात्र पडद्याला टेकलेले असते तेव्हा त्याची कड चाकूने कापल्यासारखी स्पष्ट दिसते. तेच पात्र कलावंताने दिव्याच्या दिशेने मागे घेतले की ते मोठे होत जाते, त्याची कड विरघळते आणि ते पडद्यावर कुठेही न जाता नाहीसे होते. दारातून येणे-जाणे नाही. धूसर होणे आणि घट्ट होणे, एवढ्यावर देव आणि राक्षस प्रकट होतात. तुमचे धोटे दृश्याच्या एका कडेने आत येतात आणि दुसऱ्या कडेने बाहेर जातात की काय? तसे असेल तर त्यांना सावलीतून घट्ट होऊ द्या आणि सावलीतच विरू द्या.

हुक्केरी_ते_पुणे

चित्रशिक्षक सरांच्या निरीक्षणाचा मला आदर आहे, परंतु त्यांनी दिलेली दिशा मला अपुरी वाटते. कल्पित वस्तू खरी वाटली पाहिजे हे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. तशी ती का वाटावी, हा प्रश्न मला आधी विचारावासा वाटतो.

माझे आजोळ घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर आहे. एरवी ते पाण्यात असते आणि पाणी पुरेसे उतरले की वर येते. मी लहानपणी वडिलांचा हात धरून तिथे गेलो होतो. खांबांवर वाळलेल्या गाळाचे थर होते, पायाखालची माती भेगाळून तिच्या वड्या पडल्या होत्या, आणि ज्या जागी आम्ही उभे होतो तिथे दोन महिन्यांनी डोक्यावर पाणी असणार हे मला वडिलांनी हाताने उंची दाखवून सांगितले होते. त्या जागेत स्वप्न मिसळण्याची गरज मला कधी वाटली नाही. ती जागा मुळातच अर्धी इथली आणि अर्धी पाण्यातली आहे. तुमचे घरही दिवाळीनंतर नसणार आहे. नसणार आहे हे ठाऊक असताना टिपलेली रिकामी खोली ही स्वतःच एक विलक्षण गोष्ट असते, आणि तिच्यातून धोटे फिरवल्याने पाहणाऱ्याचे लक्ष खोलीवरून उडून करामतीकडे जाईल, अशी मला भीती वाटते.

आपल्याकडे कोणी काम केले, असे तुम्ही विचारले आहे. चित्रकार नलिनी मलानी यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. ज्येष्ठ चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली, तेव्हा ते पैसे त्यांनी स्वतःपुरते न ठेवता १९६९ साली मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप नावाची कार्यशाळा सुरू केली, जिथे चित्रकारांना कॅमेरे हाताळता येत होते. सर ज. जी. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मलानी यांनी तिथे 'ड्रीम हाउसेस' ही छोटी स्टॉप-मोशन फिल्म केली. घरांच्या प्रतिकृतीवर रंगीत उजेड टाकून एकेक चौकट टिपलेली ही फिल्म म्हणजे स्वतंत्र भारतात सर्वांना चांगली घरे मिळतील या त्या काळच्या आशेचे रंगांनी भरलेले चित्र आहे. पुढे १९७६ साली त्यांनी तिच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल फिल्म ठेवली, ज्यात एक तरुण स्त्री मुंबईच्या वस्त्यांकडे पाहत उभी आहे. दोन्ही मिळून 'यूटोपिया' झाले. इथे स्वप्नातली घरे खऱ्या शहरात मिसळलेली नाहीत. ती शेजारी आहेत, आणि दोन पडद्यांमधली जी फट आहे तिच्यातच सगळे दुःख साठलेले आहे.

तुम्हीही तसे करून पाहावे. एका पडद्यावर रिकामे घर, काही न मिसळलेले. दुसऱ्यावर धोटे, त्यांच्या स्वतःच्या काळोखात. दोन्ही एकत्र आणायचे काम पाहणाऱ्याच्या मनावर सोडून द्यावे.

निपाणी_संकलक

मी लग्नसमारंभांचे आणि माहितीपटांचे संकलन करतो, त्यामुळे तंत्राची बाजू सांगतो. वरच्या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे, पण चिकटवलेले दिसते ही ताईंची अडचण आधी दूर व्हायला हवी, कारण ती राहिली तर दोन पडदे घेऊनही ती तशीच राहील.

फोनवर चित्रण करताना उजेड, फोकस आणि रंगाचे संतुलन हे तिन्ही कुलूपबंद करा. फोन आपोआप उजेड वाढवत-घटवत राहिला तर खोली श्वास घेतल्यासारखी उजळते-मंदावते आणि वरून बसवलेला धोटा मात्र तसाच राहतो. डोळा ही तफावत लगेच पकडतो. ट्यूबलाइट लावून चित्रण केले असेल तर आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्यामुळे साध्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. २५ फ्रेमने चित्रण करून शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे येत नाहीत. मात्र सरांचे ऐकून कवडशातच चित्रण केलेत तर हा प्रश्नच उरणार नाही.

सावलीविषयी एक बारकावा. वस्तू जिथे पृष्ठभागाला टेकते तिथे, अगदी तिच्या बुडाशी, एक केसाएवढी गडद रेघ असते. माणसे मोठी सावली रंगवतात आणि ही रेघ विसरतात. ती नसली की वस्तू फळीपासून बोटभर वर उचललेली दिसते आणि आपण तिला चिकटवलेली म्हणतो.

यानंतर वेग. मोठी वस्तू मोठी वाटते ती मुख्यतः तिच्या सावकाश हालचालीमुळे. पडण्याचा किंवा डुलण्याचा काळ हा लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून लहान प्रतिकृतीला खऱ्या जहाजाचा भारदस्तपणा द्यायचा असेल तर सिनेमावाले चित्रण अधिक गतीने करून नेहमीच्या गतीने दाखवतात. सोळाव्या हिश्शाची प्रतिकृती असेल तर गती चौपट. तुमचा धोटा फूट-सव्वा फुटाचा असेल आणि तो वीसपट मोठ्या होडीसारखा वाटायला हवा असेल, तर त्याचे डुलणे साडेचार पट सावकाश करावे लागेल. 'ड्वेलिंग'मधली विमाने जी विमानेच वाटतात, खेळणी वाटत नाहीत, त्यात त्यांच्या संथपणाचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

पण इथे मला ताईंना एक विचारायचे आहे. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकतो. तुमच्या आजोबांच्या मागावर धोटा जाताना तुम्हांला कधी दिसला होता का? मला वाटते, मागावर काम करणाऱ्यांनाही तो चालू स्थितीत दिसत नाही. खटका ऐकू येतो आणि कापड वाढत जाते. मग धोटा सावकाश दाखवणे हीच तुमच्या कामातली एकमेव खोटी गोष्ट का असू नये? होडी नको, पाणी नको, तरंगणे नको. मागावर तो लाकडी पट्टीवरून घसरत जातो, तसाच फळीवरून घसरत जाऊ द्या. सरांचा नियम त्यात पाळला जाईल.

रणबीर कालेका यांचे काम मिळाले तर तेही अवश्य पाहा. ते रंगवलेल्या कॅनव्हासवर प्रोजेक्टरने हलती चित्रे टाकतात. 'मॅन थ्रेडिंग अ नीडल' (१९९८–९९) या कामात सुईत दोरा ओवणारा माणूस चित्रातही आहे आणि त्यावर पडणाऱ्या उजेडातही. दोन्ही जुळलेले असतात तेव्हा चित्र जिवंत वाटते, आणि उजेडातला माणूस जरा हलला की खालचा रंगवलेला माणूस जागच्या जागी राहिलेला दिसतो.

वडगावची_नात

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. सर्वांचे मनापासून आभार.

सर, तुमची शंका बरोबर होती. धोट्यांची छायाचित्रे मी रात्री ट्यूबलाइटखाली काढली होती. कवडशाच्या नोंदी चार दिवस केल्या, त्यांपैकी दोन दिवस आभाळ भरलेले होते. आमच्या माजघरात दुपारी बारा चाळीसच्या सुमारास कवडसा फडताळाच्या मधल्या फळीच्या कडेवर येतो आणि जेमतेम वीस मिनिटे तिथे असतो. तीच वेळ धरून फोन स्टुलावर घट्ट बांधला आणि रिकामी फळी टिपली. मग त्याच फळीवर, त्याच उजेडात, एकच धोटा थोडा थोडा पुढे सरकवत एकेक छायाचित्र घेतले. त्यामुळे सावली आणि ती केसाएवढी रेघ दोन्ही खऱ्याच मिळाल्या, रंगवाव्या लागल्या नाहीत. सेकंदाला १२ चित्रे या हिशेबाने एका दिवसाच्या उजेडात जेमतेम दहा सेकंदांचे काम होते.

संकलक दादांच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. मी त्या घरात वाढले आणि चालू मागावरचा धोटा मला कधीही दिसलेला नाही. खट-खट एवढाच तो माहीत होता. पडद्यावर त्याला फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेकंद लागताना पाहिले तेव्हा मला माझ्या आजोबांच्या वस्तूची पहिल्यांदा ओळख झाली असे वाटले. सागवानी अंगावर त्यांच्या अंगठ्याने पडलेली गुळगुळीत खाच आहे, ती कवडशात आल्यावर चमकते आणि पुढे गेल्यावर विझते.

हे दृश्य आजीला दाखवले. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने दोनदा पाहिले आणि म्हणाली, "येवढा सावकाश जातोय, मग धागा कुठाय? धोटा गेला की मागं धागा ऱ्हायला पायजे की." मी निरुत्तर झाले. कांडीतून सूत सोडत न जाणारा धोटा म्हणजे नुसते लाकूड. धोट्याचा आकार पाहून मी होडी शोधत बसले आणि तो ज्यासाठी घडवलेला आहे तेच विसरले.

हुक्केरीच्या दादांचे म्हणणे मनातून जात नाही. रिकामी फळी जी वेगळी टिपली होती तीही पूर्ण वीस मिनिटे चालवून पाहिली. कवडसा येतो, कडेवर चढतो, जातो. तीही ठेवायची आहे. दोन पडदे की एक, हे अजून ठरलेले नाही.

खानापूर_चित्रशिक्षक

आजींना माझा नमस्कार सांगा. बावीस वर्षे शिकवून मला जे सुचले नाही ते त्यांनी एका वाक्यात दाखवले.

धाग्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. सावा यांचे 'लिनिअमेंट' (२०१२) हे दोन पडद्यांवरचे काम आहे. त्यांच्या एका मित्राची स्मृती अचानक गेली, त्या अनुभवातून ते निर्माण झाले. त्यात ग्रामोफोनची तबकडी फिरता फिरता धाग्यासारखी उलगडत जाते आणि तो धागा खोलीत पसरतो. म्हणजे दोन पडदे आणि धागा या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडेही शेजारी-शेजारी आलेल्या आहेत. तुमचे काम त्याची नक्कल ठरेल अशी काळजी करू नका, कारण त्यांचा धागा स्वराचा आहे आणि तुमचा सुताचा. तुमच्याकडे तो खरोखर घरात होता.

मात्र धागा संगणकावर काढू नका. आजींकडून एक कांडी भरून घ्या. धोटा जितका पुढे सरकेल तितके सूत त्याच्या मागे फळीवर राहू द्या. सुताला स्वतःचे पीळ असतात, ते सैल पडले की वेटोळे करते आणि ताणले की कवडशात पांढऱ्या रेघेसारखे उजळते. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, देवळीतून चुलीकडे, उंबऱ्यावरून सोप्यात, असे एकच सूत अकराही जागांतून अखंड गेले पाहिजे. प्रत्येक दिवसाचे काम संपल्यावर ते तोडू नका. जिथे थांबाल तिथे खिळ्याला गुंडाळून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सोडवा.

हुक्केरी_ते_पुणे

ताई, मी माझे मत काही अंशी बदलतो. धागा राहणार असेल तर धोटा करामत वाटणार नाही. धोटा निघून गेल्यावर मागे राहिलेले सूत असलेली रिकामी खोली, एवढेच दृश्य शेवटी बराच वेळ ठेवा.

निपाणी_संकलक

पडदा एक की दोन, याबाबत एक सुचवतो. घर पाडण्याआधी एका संध्याकाळी हे काम त्याच घरात दाखवा. मधल्या फळीचे दृश्य त्याच मधल्या फळीवर, उंबऱ्याचे उंबऱ्यावर. कालेका कॅनव्हासवर जे करतात ते तुम्हांला भिंतीवर करता येईल, कारण चित्रातली जागा आणि प्रोजेक्टरसमोरची जागा एकच असेल. त्यासाठी प्रोजेक्टर बरोबर फोन ठेवला होता त्याच स्टुलावर, त्याच उंचीवर लागेल, म्हणून स्टुलाच्या चारही पायांभोवती आजच खडूने खुणा करून ठेवा.

जुन्या घरांतल्या भिंतींना चुन्यात नीळ घालून दिलेला रंग असतो. तुमच्याकडेही तसाच असेल तर रंगीत दृश्य त्यावर निळसर पडेल. भिंत पांढरी करून घेऊ नका. दृश्य कृष्णधवल करा, म्हणजे निळी झाक भिंतीचीच राहील. आजी जिथे कांड्या भरायला बसत असत ती जागा प्रोजेक्टरच्या वाटेत येत नाही ना, तेवढे पाहा, म्हणजे त्यांना तिथेच बसून पाहता येईल.

प्रोजेक्टर माझ्याकडे आहेत, दोन. घर रिकामे करण्याचा दिवस ठरला की आठवडाभर आधी कळवा. निपाणीहून निघाल्यावर दीड-दोन तासांत मी वडगावला पोहोचतो.